लंडनच्या रॉक्सी क्लबमध्ये रेकॉर्ड्स कोण लावत होतं?

हे हलणारं, मधेच काळं पडणारं फुटेज सुपर ८ वरचं आहे, म्हणजे हौशी लोकांच्या छोट्या फिल्म कॅमेऱ्यावरचं, १९७७ सालचं. ही गाणारी मुलगी पॉली स्टायरिन, बँडचं नाव एक्स-रे स्पेक्स, दातांना तारा लावलेल्या आणि त्या लपवायची काही गरज तिला वाटत नाहीये.

आणि ही लंडनची नील स्ट्रीट, कॉव्हेंट गार्डनमधली. फळभाज्यांचा घाऊक बाजार १९७४ ला इथून हलला, गाळे ओस पडले. १ डिसेंबर १९७६ ला सेक्स पिस्टल्स या पंक बँडनी टीव्हीवर शिव्या घातल्या तेव्हापासून पंकवाल्यांना, म्हणजे हे वेगवान, रांगडं रॉक वाजवणाऱ्यांना, कुठला हॉल दारात उभं करेना, आणि त्याच महिन्यात अँडी चेझॉव्स्की आणि त्याच्या सोबत्यांनी इथे रॉक्सी क्लब सुरू केला, वर बार, खाली तळघरात स्टेज. १ जानेवारी १९७७ ला इथे द क्लॅश हा पंक बँड वाजला.

पंक म्हटलं की सगळे सेफ्टी पिना आणि फाटके कपडे दाखवतात, आम्हीही दाखवले, पण आता कॅमेरा कोणाच्या हातात होता ते बघा. डॉन लेट्स. जन्म लंडनचा, आईवडील जमैकाचे, केसांच्या जटा. दिवसा किंग्ज रोडवर कपड्यांच्या दुकानात कामाला, रात्री रॉक्सीचा डीजे. कॅमेऱ्याच्या एका कार्ट्रिजमध्ये, म्हणजे फिल्मच्या डबीत, जेमतेम तीन मिनिटं मावायची, पण पंकची गाणी तेवढ्यात संपायची त्यामुळे त्याचं भागत होतं!

खरी पंचाईत डीजेच्या टेबलावर होती. दोन बँडच्या मधल्या वेळात लावायचं काय? ब्रिटिश पंकचा पहिला सिंगल, म्हणजे एक-दोन गाण्यांची छोटी रेकॉर्ड, द डॅम्ड या बँडचा, ऑक्टोबर १९७६ ला आलेला, म्हणजे लावायला रेकॉर्ड्सच नाहीत. मग डॉन घरच्या लावायला लागला, जमैकाच्या, रेगे आणि डब. डब म्हणजे काय, तर रेकॉर्डच्या एका बाजूला गाणं आणि उलट्या बाजूला त्याच गाण्याचं 'व्हर्जन', त्यात गायकाचा आवाज जवळपास काढलेला, खाली बेस आणि ड्रम राहतात, आणि मधेच एखादा शब्द एकोमध्ये सोडून दिलेला. जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, किंग टबी वगैरे लोकांनी हे मिक्सरवर बसून घडवलं. आवाजाचा वरचा पट्टा कापला, खालचा वाढवला, झालं नवीन गाणं. स्टेजवर गिटारची आग आणि ती थांबली की हा संथ, जड बेस. पोरांना तो आवडला, मागून मागून ऐकायला लागली.

एप्रिल १९७७ मध्ये अँडीला तिथून काढलं, दुसऱ्यांच्या हातात क्लब कसाबसा वर्षभर चालला.

त्याच एप्रिलमध्ये द क्लॅशचा पहिला अल्बम आला. बाकीची गाणी दोन-तीन मिनिटांत उरकलेली आणि जमैकाच्या ज्युनियर मर्विनचं रेगे गाणं 'पोलीस अँड थीव्ह्ज' मात्र चांगलं सहा मिनिटं वाजवलंय. त्यातला बेस हेडफोन लावून ऐका.