स्लिप टर्बाइनच्या अलीकडे की पलीकडे?

मित्रहो, ऑटोमॅटिक गाडीबद्दलची एक तक्रार गॅरेजमध्ये वारंवार कानावर येते : "रेस वाढते, पण गाडी ओढत नाही." पुष्कळदा एवढ्यावरूनच टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सकडे पोहोचवणारा भाग, गेल्याचे जाहीर होते, गिअरबॉक्स खाली उतरतो आणि मालकाच्या हाती मोठे बिल पडते. दोष खरोखर कन्व्हर्टरमध्ये आहे, की त्याच्या मागे गिअरबॉक्समधल्या क्लच पॅकमध्ये (गिअर धरून ठेवणाऱ्या चकत्यांच्या संचात), याची शहानिशा गिअरबॉक्स न उतरवताही करता येते. आणि ती केल्याशिवाय पान्याला हात लावणे हा मालकावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

मुळात गाडीत कन्व्हर्टर आहे ना, हे आधी पाहावे. आपल्याकडे एएमटी (साध्या गिअरबॉक्सचा क्लच आणि गिअर यंत्राने चालवणाऱ्या) आणि ड्युअल क्लच (दोन क्लचच्या) गाड्यांनाही सर्रास 'ऑटोमॅटिक' म्हणतात, पण नेहमीच्या रचनेत त्यांना टॉर्क कन्व्हर्टर नसतो.

कन्व्हर्टरमध्ये इंजिनाबरोबर फिरणारा पंप, त्याच्या समोर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर बसवलेला टर्बाइन आणि दोहोंच्या मध्ये एकाच दिशेने फिरू शकणारा स्टेटर असतो. लॉकअप क्लच लागलेला नसताना इंजिनाची ताकद टर्बाइनपर्यंत केवळ तेलामार्फत पोहोचत असल्यामुळे थोडी स्लिप, म्हणजे पंप आणि टर्बाइन यांच्या वेगातला फरक, नेहमीच असते. गाडी उभी असताना तर ती पूर्ण असते आणि नेमक्या त्याच वेळी स्टेटरमुळे टॉर्क साधारण दुप्पट होतो. टर्बाइनचा वेग पंपाच्या वेगाच्या सुमारे नऊ दशांशापर्यंत आला की ही वाढ संपते. पुढची उरलेली स्लिप घालवण्यासाठी लॉकअप क्लच टर्बाइनला कन्व्हर्टरच्या कवचाशी घट्ट धरतो. म्हणून खंबाटकीच्या चढावर, लॉकअप सुटलेला असताना रेस वर गेली, तर तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही. तपासणी सपाट रस्त्यावर, स्थिर वेगाने आणि गिअरबॉक्सचे तेल पुरते गरम झाल्यावरच करावी, कारण तेल थंड असेपर्यंत बहुतेक गिअरबॉक्स लॉकअप लावतच नाहीत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. स्कॅनरवर इंजिन, टर्बाइन आणि आउटपुट शाफ्ट (गिअरबॉक्समधून चाकांकडे जाणारा दांडा) या तिघांचे आरपीएम एकाच वेळी पाहावेत आणि कंट्रोल युनिटने (गिअरबॉक्सच्या संगणकाने) लॉकअपचा हुकूम दिला आहे की नाही, तेही शेजारीच ठेवावे. समजा, गाडी १ : १ गुणोत्तराच्या गिअरमध्ये आहे आणि लॉकअप पूर्ण लावण्याचा हुकूम आहे. इंजिन २३००, टर्बाइन २००० आणि आउटपुट २००० दिसत असेल, तर ३०० आरपीएम इंजिन आणि टर्बाइन यांच्या दरम्यान हरवले आहेत. दोष कन्व्हर्टरच्या लॉकअपचा किंवा त्याला तेलाचा दाब पुरवणाऱ्या सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) आणि व्हॉल्व्हचा. याउलट इंजिन आणि टर्बाइन दोन्ही २३०० च्या आसपास आणि आउटपुट मात्र २००० असेल, तर लॉकअपने आपले काम चोख केलेले आहे आणि स्लिप मागच्या क्लच पॅकमध्ये आहे. अशा गाडीचा कन्व्हर्टर बदलून काहीही साधणार नाही. इतर कोणत्याही गिअरमध्ये पाहताना टर्बाइनच्या आकड्याला त्या गिअरच्या गुणोत्तराने भागावे आणि तो आउटपुटशी ताडून पाहावा. एक सावधगिरी मात्र हवी : आजकालचे अनेक गिअरबॉक्स धक्के शोषण्यासाठी लॉकअपमध्ये २० ते ५० आरपीएमची स्लिप मुद्दाम राखतात, तो दोष समजू नये.

स्कॅनरवर पी०७४१ हा दोषाचा कोड आला की थेट कन्व्हर्टरची ऑर्डर देण्याची घाई मला पटत नाही. लॉकअप अपेक्षेप्रमाणे लागत नाही, एवढेच तो कोड सांगतो. त्याचे कारण लॉकअप क्लचचे घासलेले लायनिंग (घर्षणाचा थर), चिकटलेला सोलेनॉइड किंवा व्हॉल्व्ह बॉडीत (तेलाचा दाब वाटणाऱ्या भागात) झिजलेले छिद्र यांपैकी काहीही असू शकते.

हलक्या ॲक्सिलरेटरवर, साठ-सत्तरच्या वेगाला रस्त्यावरच्या बारीक पट्ट्यांवरून गेल्यासारखी थरथर जाणवत असेल, तर मोकळ्या रस्त्यावर ॲक्सिलरेटर स्थिर ठेवून ब्रेक पेडलला दिवा लागेल इतकाच स्पर्श करावा. त्याने लॉकअप सुटतो, रेस थोडी चढते आणि थरथर थांबली तर संशय लॉकअपवर जातो. पण इंजिनाचा मिसफायरही (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट न पेटणे) लॉकअप लागलेला असतानाच अधिक जाणवतो आणि तो सुटताच तेलात विरून जातो! त्यामुळे मिसफायरची नोंद, स्पार्क प्लग आणि कॉइल पाहिल्याशिवाय ही चाचणी पुरी झाली असे मानू नये.

स्टॉल टेस्ट, म्हणजे ब्रेक पूर्ण दाबून, गिअर टाकून ॲक्सिलरेटर पूर्ण दिल्यावर इंजिन किती आरपीएमपर्यंत जाते ते पाहणे, जपून करावी आणि उत्पादकाने परवानगी दिली असेल तरच. चाके पक्की रोखून, समोर कोणी उभे नाही याची खात्री करून, पाच सेकंदांपेक्षा जास्त नाही. कारण एवढ्या वेळात इंजिनाची सगळी ताकद तेलाच्या उष्णतेत जाते. नेमून दिलेल्यापेक्षा आरपीएम बरेच जास्त आले, तर क्लच पॅक घसरतात किंवा तेलाचा दाब कमी आहे. बरेच कमी आले, तर इंजिन कमजोर आहे किंवा स्टेटरचा एकदिश क्लच निकामी होऊन स्टेटर मोकळा फिरतो आहे. गाडी उठताना मंद पण पुढे वेगात ठीक चालत असेल, तर स्टेटर. सगळीकडेच मंद असेल, तर इंजिन.

या सगळ्याच्या आधी गिअरबॉक्सचे तेल पाहावे. अनेक नव्या गिअरबॉक्सना डिपस्टिक (तेलाची पातळी पाहायची पट्टी) नसते. ठरलेल्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून ओव्हरफ्लोच्या बोल्टमधूनच पातळी समजते. तेलातले घर्षण नियंत्रित करणारे घटक संपल्यामुळे आलेली थरथर योग्य दर्जाचे नवे तेल घातल्यावर जाऊ शकते. पण तेल काळे, करपट वासाचे असेल आणि त्यात लायनिंगचे कण सापडत असतील, तर नुसते तेल बदलून भागणार नाही. कन्व्हर्टर बदलावाच लागला, तर तेल थंड करणारा कूलर आणि त्याच्या नळ्या धुवाव्यात किंवा कूलरच बदलावा. अडकलेले कण नव्या कन्व्हर्टरमध्ये आणि व्हॉल्व्ह बॉडीत जातात. त्यानंतर कंट्रोल युनिटचे ॲडाप्टेशन (जुन्या झिजेनुसार त्याने शिकून ठेवलेली मापे) रीसेट करून, त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला तेच तीन आकडे पुन्हा पाहावेत आणि जुन्या नोंदीसह मालकाला दाखवावेत.