पोलादाचे वजन आणि प्लास्टिकची जाडी

मित्रहो,

समोरच्या टेबलावर जो रणगाडा ठेवला आहे तो ब्रिटिश बनावटीचा सेंच्युरियन, मार्क ३. मूळ वाहनाचे वजन सुमारे ५० टन आणि तोफ वगळता लांबी साडेसात मीटरच्या वर. इथे ती १:३५ या प्रमाणात जेमतेम २२ सेंटीमीटर झाली आहे. चोरबाजारातल्या मटन स्ट्रीटवर सुटे भाग जोडून मॉडेल बनवण्याचा हा प्लास्टिकचा संच मला मिळाला तेव्हा खोक्याचे झाकण दोऱ्याने बांधलेले होते आणि रंग देण्याच्या सूचनांचा कागद अर्धा वाळवीने खाल्लेला होता. साचा अर्धशतकापूर्वीचा. अशा जुन्या संचाला हात घालताना काय दुरुस्त करावे आणि काय तसेच सोडून द्यावे, एवढ्याच प्रश्नावर मी आज बोलणार आहे, कारण माझ्या मते या छंदातले खरे कौशल्य त्याच निवडीत आहे.

आधी १:३५ या प्रमाणाविषयी थोडे सांगतो, कारण जुन्या संचांतल्या निम्म्या उणिवा तिथून येतात. १९६० च्या दशकाच्या आरंभी टामिया या जपानी कंपनीने पँथर रणगाड्याचा संच काढला, तेव्हा आत छोटी मोटर आणि दोन बॅटरी सेल मावतील एवढे धड ठेवायचे ठरले. नंतर मोजून पाहिले तेव्हा प्रमाण १:३५ च्या आसपास भरले, आणि तेच पुढे जगभर रूढ झाले. म्हणजे ज्या प्रमाणाला आपण शास्त्र समजून कवटाळतो, ते एका खेळण्याच्या पोटातल्या बॅटरीने ठरवले आहे. त्या काळातल्या अनेक संचांच्या तळाला स्विचसाठी आणि मोटरच्या स्क्रूंसाठी भोके असत, तशी ती या संचातही होती. शिवाय चाकांभोवती फिरणाऱ्या पट्ट्यांच्या वरचा, मडगार्डखालचा भाग खालून सताड उघडा होता. मॉडेल डोळ्यांच्या पातळीवर धरले की त्या फटीतून पलीकडचा उजेड दिसतो, आणि ५० टनांचा रणगाडा एका क्षणात रिकामी साबणदाणी होतो. तळाची भोके कोणी पाहणार नाही म्हणून मी ती तशीच ठेवली, मात्र वरची पोकळी पॉलिस्टायरीनच्या, म्हणजे संच ज्या प्लास्टिकचा असतो त्याच्याच, अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्याने बुजवली. इथे एक सावधगिरी सांगतो. पत्र्याऐवजी जुने ओळखपत्र कापून वापरण्याचा मोह होतो, पण त्याचे प्लास्टिक बहुधा पीव्हीसीचे असते. मॉडेलचे सिमेंट पॉलिस्टायरीन विरघळवून सांधा जोडते, त्यामुळे त्या कार्डावर ते नीट धरत नाही.

सर्वांत मोठे नुकसान मात्र चाकांचे झाले होते. जुन्या संचांत पट्टे मऊ व्हिनाइलचे असत. व्हिनाइल लवचीक राहावे म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य मिसळतात, ते वर्षानुवर्षे हळूहळू पाझरते आणि ज्या पॉलिस्टायरीनला टेकलेले असेल त्याला विरघळवते. हे खोके बहुधा कोणाच्या तरी माळ्यावर अनेक उन्हाळे पडून होते, आणि पट्टे चाकांच्या स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग जिला जोडलेले येतात त्या प्लास्टिकच्या चौकटीवर, सैल टाकलेले होते. मी ते उचलले तेव्हा दोन चाके पट्ट्यासकट वर आली. चाकाच्या कडेवर पट्ट्याच्या कड्यांचे ठसे उमटले होते, जणू ओल्या मातीतून कोणी गाडी नेली असावी. एक चाक पुट्टी भरून, वाळल्यावर पेन्सिलीच्या टोकावर बसवून, पॉलिश पेपरवर फिरवत गोल करता आले. दुसरे काही केल्या गोल होईना. आपल्यापैकी जे आज नवा संच विकत घेऊन पुढच्या दिवाळीपर्यंत कपाटात ठेवणार आहेत, त्यांनी घरी गेल्यावर पट्टे तेवढे वेगळ्या पिशवीत काढून ठेवावेत.

सेंच्युरियनच्या बाजूंना पोलादी पत्रे असतात, त्यांना स्कर्ट म्हणतात. त्यांच्यामुळे पट्ट्याचा वरचा भाग आणि चाकांचा माथा झाकला जातो. हौशी माणूस पट्ट्याचा वरचा भाग नैसर्गिक वजनाने लोंबावा म्हणून रात्री जागवतो. या रणगाड्यावर ती जागरणे कोणाला दिसत नाहीत. दिसतो तो स्कर्ट, आणि गोम तिथेच आहे. साच्यातून निघालेला स्कर्ट सुमारे १ मिलिमीटर जाड होता, म्हणजे मूळ प्रमाणात ३५ मिलिमीटर, जेव्हा खरा पत्रा केवळ काही मिलिमीटरचा असतो. सबंध स्कर्ट पातळ करण्याची गरज नाही. खालची कड आतल्या बाजूने कानशीने तिरपी घासली की डोळ्याला फक्त धार दिसते आणि बुद्धी उरलेला पत्रा पातळ मानून घेते. तोफेच्या तोंडाचेही तसेच. या रणगाड्याच्या २० पाउंडर तोफेच्या नळीचा आतला व्यास सुमारे ८४ मिलिमीटर. त्याला ३५ ने भागले की २.४ येतात. नागदेवी स्ट्रीटवर २.४ मिलिमीटरचे ड्रिल बिट सहज मिळते. ते बोटांनी, मशीन न लावता, पाच मिलिमीटर आत फिरवले की उथळ खळगा असलेली नळी तोफ वाटू लागते.

मॉडेलच्या बुरुजावर, म्हणजे टरेटवर, मी सर्वांत जास्त दिवस घालवले. अहिल्यानगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये उभ्या असलेल्या सेंच्युरियनच्या टरेटवरून मी एकदा तळहात फिरवला होता. ओतीव पोलाद गुळगुळीत नसते. ते भाकरीच्या पाठीसारखे असते, कुठे फुगलेले, कुठे खरखरीत. साच्यातला टरेट मात्र साबणाच्या वडीसारखा होता. मी त्यावर लिक्विड सिमेंटचा पातळ हात देऊन, पृष्ठभाग मऊ होताच आखूड केसांच्या जुन्या ब्रशने टोचे मारले. छताचा पत्रा मात्र वेल्ड केलेला असतो, म्हणून त्याला हात लावला नाही. दोन्ही पृष्ठभागांतला हा फरक दिसला की वजन आपोआप येते.

मला नेहमी विचारतात की याला आपल्या सैन्यातल्या पूना हॉर्स या रणगाडा रेजिमेंटचा रणगाडा का केला नाही. मुंबईत जन्मलेले लेफ्टनंट कर्नल अर्देशीर तारापोर यांनी १९६५ च्या सप्टेंबरमध्ये फिल्लौरा आणि चाविंडाच्या रणांगणावर सेंच्युरियन रणगाड्यांचे नेतृत्व केले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले, तेव्हा प्रश्न स्वाभाविक आहे. पण आपल्या सैन्याकडचे सेंच्युरियन प्रामुख्याने मार्क ७ होते. त्यांच्या तोफेच्या नळीवर धूर ओढून घेणारा फुगवटा असतो आणि इंजिनावरची झाकणेही निराळी असतात. नुसता ऑलिव्ह हिरवा रंग देऊन आणि आकडे चिकटवून मार्क ३ चा मार्क ७ होत नाही, आणि तसे करणे मला त्या माणसांशी अप्रामाणिकपणाचे वाटले.

रंगाविषयी मुंबईकरांना एकच सांगतो: जुलैमध्ये लॅकर फवारू नका. थिनर उडून जाताना पृष्ठभाग गार पडतो, हवेतली वाफ त्यावर धरते आणि गडद हिरव्यावर राखेसारखा पांढरट थर येतो. मी हे धड दोनदा धुतले आहे. पिवळ्या पडलेल्या डिकल्सना, म्हणजे मॉडेलवर चिकटवायच्या आकड्यांच्या आणि चिन्हांच्या कागदांना, मात्र आपले ऊनच कामी आले. प्लास्टिकच्या पिशवीत घालून ती खिडकीच्या काचेला आतून चिकटवली, आणि मे महिन्याच्या उन्हात कागद पुन्हा बराच पांढरा झाला.

आता ते दुसरे चाक. ते डाव्या बाजूचे चौथे आहे. त्याचा खराब भाग वरच्या बाजूला फिरवून ठेवल्यामुळे स्कर्टखाली लपला आहे, आणि डावा स्कर्ट मी मुद्दाम चिकटवलेला नाही. ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पुढे यावे. फक्त तोफेला धरून रणगाडा उचलू नये.