ॲनिमिया नव्हे

नमस्कार श्रोतेहो. मागे एक बाई जुना केसपेपर घेऊन आल्या. त्यावर कुणा डॉक्टरांनी घाईघाईत लिहिलं होतं, 'ॲनॉर्गॅझ्मिया'. बाईंनी वाचलं 'ॲनिमिया', आणि महिनाभर नेमानं बीट नि खजूर खाल्ले. हसू नका, त्यांनी निम्मा शब्द बरोबर वाचला होता.

दोन्हींची सुरुवात एकच. ग्रीक 'अन्' म्हणजे नाही. तिथं रक्त कमी, इथं ऑर्गॅझम, म्हणजे कामसुखाचा परमोच्च क्षण, येत नाही. शेवटचा 'इया' नुसती अवस्था सांगतो. हा 'अन्' आपल्याही घरचाच: अनादर, अनिच्छा. नियमसुद्धा तोच. पुढे स्वर असला की 'अन्', व्यंजन आलं की नुसता 'अ', जसं अज्ञान, अशक्त. ग्रीक नि संस्कृत एकाच घराण्यातल्या, त्याची ही खूण.

मधला शब्द तर थेट शेतातला. 'ऑर्गाओ' म्हणजे रसानं भरून येणं, पिकायला लागणं. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसनं लिबियातल्या सायरीनीची पिकं कापणीला आली हे सांगताना हेच क्रियापद वापरलंय. आपले द्राक्षवाले म्हणतात ना, मण्यात पाणी उतरलं? तसंच काहीसं. आपल्या 'ऊर्जा'चं नातंही भाषाशास्त्रज्ञ याच मुळाशी लावतात.

पूर्वी अशा बाईला सरळ 'थंड' म्हणून मोकळे व्हायचे. इंग्रजी डॉक्टरांचा 'फ्रिजिड'ही त्यातलाच. मला तो शब्द शिवीसारखा वाटतो. 'ॲनॉर्गॅझ्मिया' कुणाच्या स्वभावावर घसरत नाही आणि पुरुषांनाही लागू पडतो. इच्छा असते, शरीर साथही देतं, पण तो क्षण येत नाही, किंवा फार उशिरा येतो. कधी मधुमेहानं नसांना इजा झालेली असते, कधी नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्यांचा हा परिणाम असतो. गोळी सुरू झाल्यावर त्रास सुरू झाला असेल तर डॉक्टरांना सांगा, मात्र आपल्या मनानं बंद करू नका.

मराठीत हा विषय काही आजचा नाही. र. धों. कर्व्यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढलं, अश्लीलतेचे खटले सोसले आणि १९५३ पर्यंत ते चालवलं. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे, हे ते तेव्हा छापत होते.

त्या बाईंना मी हे सगळं समजावलं. शांतपणे ऐकून घेतलं त्यांनी. मग म्हणाल्या, "म्हणजे बीट बंद केलं तर चालेल ना, डॉक्टर?"