गरोदरपणातली पोटदुखी: कुठली थांबते, कुठली थांबू देत नाही

[पडद्यावर: कुशीवर झोपलेली गरोदर स्त्री. कूस बदलताना थबकते, पोटाला हात लावते.]

पाचव्या महिन्याच्या आसपास असं होतं. झोपेत कूस बदलली, की जांघेच्या वर एकदम चमक निघते. शिंकताना, खोकताना, खुर्चीतून झटकन उठतानाही. बऱ्याच जणींना ती उजवीकडे जास्त जाणवते. काही क्षण श्वास रोखला जातो आणि चमक निघून जाते.

एरवी गर्भपिशवीचं वजन साठ-सत्तर ग्रॅम असतं. दिवस भरेपर्यंत ते एक किलोच्या घरात जातं, तेही बाळ आणि गर्भजल सोडून. बाराव्या आठवड्यापर्यंत ही पिशवी कमरेच्या हाडांच्या आत मावते, विसाव्या आठवड्याला बेंबीपाशी पोहोचते. तिच्या दोन्ही बाजूंनी जांघेकडे जाणारे दोन बंध असतात. वाढत्या पिशवीबरोबर ते ताणले जातात आणि अचानक हालचाल झाली की त्यांना हिसका बसतो. चमक येते ती तिथून. सावकाश उठायचं, शिंक येतेय असं वाटलं की गुडघे थोडे पोटाकडे घ्यायचे. एवढ्यानेही फरक पडतो.

गॅस आणि बद्धकोष्ठता तर जवळजवळ ठरलेलीच. प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक गर्भपिशवीच्या स्नायूंना सैल ठेवतं, आणि त्याच ओघात आतडीही सुस्तावतात. पाणी, चोथायुक्त आहार, थोडं चालणं, हे उपाय सगळ्यांना माहीत असतात.

[पडद्यावर: पोटावर ठेवलेला हात. पोट आवळतं, पुन्हा सैल होतं.]

पुढच्या महिन्यांत पोटात गोळा आल्यासारखं होतं. पोट कडक होतं आणि थोड्या वेळाने सैल पडतं. इंग्लंडमधले डॉक्टर जॉन ब्रॅक्स्टन हिक्स यांनी १८७२ मध्ये याचं वर्णन केलं, म्हणून त्यांचं नाव याला चिकटलं. आपण याला खोट्या कळा म्हणतो. त्यांना ठरावीक वेळ नसतो, त्या वाढत जात नाहीत. पाणी प्यायलं, कुशीवर पडलं किंवा जरा फिरलं की बहुधा विरतात.

खऱ्या कळा विरत नाहीत. दोन कळांमधलं अंतर कमी होत जातं आणि जोर वाढत जातो. ३७ आठवडे पूर्ण व्हायच्या आधी तासाभरात चार किंवा त्याहून जास्त वेळा पोट आवळत असेल, कंबर भरून येत असेल, खाली दाब वाटत असेल, अंगावरून पाणी किंवा रक्त जात असेल, तर सकाळची वाट पाहायची नाही. वेळेत पोहोचलं तर बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला इंजेक्शन देता येतं, पण त्याचा परिणाम व्हायला वेळ लागतो. म्हणून घरी घालवलेला एकेक तास महाग पडू शकतो.

‘या दिवसांत असं होतंच’ हे वाक्य बहुतेक वेळा खरं असतं, आणि म्हणूनच ते धोक्याचं आहे. दुखण्याचा जोर पाहून फसायला होतं. जीव घेणारी चमक क्षणात जाते आणि काही नसतं. हलकंसं दुखणं रेंगाळतं आणि आत काहीतरी बिघडलेलं असतं. म्हणून दोन गोष्टी पाहायच्या: दुखणं विश्रांतीने थांबतं का, आणि त्याच्यासोबत दुसरं काय आलंय.

[पडद्यावर: गर्भपिशवी आणि गर्भनलिकांचं रेखाचित्र.]

सुरुवातीच्या आठवड्यांतलं उदाहरण घ्या. शंभरातल्या एक-दोन गरोदरपणांत गर्भ पिशवीबाहेर रुजतो, बहुतेक वेळा गर्भनलिकेत. नलिका त्याच्यासोबत वाढू शकत नाही. साधारण सहाव्या ते आठव्या आठवड्यात ओटीपोटात, बऱ्याचदा एकाच बाजूला दुखू लागतं, थोडं रक्त जातं. काहींना तर आपल्याला दिवस गेलेत हेही ठाऊक नसतं. नलिका फाटली तर रक्त पोटात साचतं. ते श्वासपटलाला, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला लागलं की दुखतं मात्र खांद्याच्या टोकाला, कारण दोन्हीकडच्या संवेदना मज्जारज्जूच्या एकाच भागात पोहोचतात. पोटात दुखतंय, खांदा दुखतोय आणि चक्कर येतेय, असं असेल तर तडक रुग्णवाहिका बोलवायची.

शेवटच्या महिन्यांत बाळ जन्मायच्या आधीच वार (प्लॅसेंटा) गर्भपिशवीपासून सुटू शकते. पोट दुखायचं थांबत नाही, हाताला फळीसारखं लागतं. रक्त बाहेर दिसेलच असं नाही. ते वारेमागे अडकून राहू शकतं. ‘रक्त तर गेलं नाही’ या समाधानावर घरी बसू नये. पडल्यावर किंवा पोटाला मार लागल्यावर, काही दुखत नसलं तरी दाखवायचं.

विसाव्या आठवड्यानंतर उजव्या बरगडीखाली किंवा छातीच्या खाली मध्यभागी दुखलं, की पित्त झालं म्हणून गोळी घेतली जाते. पण सोबत न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं किंवा अंधारी, चेहऱ्यावर अचानक सूज असेल, तर रक्तदाब त्याच दिवशी तपासायला हवा. १४०/९० किंवा त्याहून वर गेलेला रक्तदाब आणि यकृतावर आलेला ताण यांचं ते लक्षण असू शकतं. बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांतही हे उद्भवतं, तेव्हा तर कुणाच्या ध्यानीमनीही नसतं.

ज्यांचा गरोदरपणाशी थेट संबंध नाही, ती दुखणीही असतातच. लघवीला जळजळ, ताप, कुशीत दुखणं म्हणजे जंतुसंसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो. अपेंडिक्सलाही सूज येऊ शकते, आणि गर्भपिशवी वाढल्यामुळे दुखण्याची जागा कधी नेहमीपेक्षा वर सरकते.

बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली, तर पोट दुखो वा न दुखो, त्याच दिवशी दाखवायचं.

[पडद्यावर: फाईल, सोनोग्राफीचे रिपोर्ट, फोन.]

वेदनाशामक गोळी मनाने घेऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या विसाव्या आठवड्यापासून बाळाच्या मूत्रपिंडांना त्रास देऊ शकतात. फोन कराल तेव्हा कितवा आठवडा, कुठे आणि कधीपासून दुखतंय, रक्त किंवा पाणी गेलं का आणि बाळ हलतंय का, हे आधी सांगा. निघताना फाईल सोबत घ्या, त्यात रक्तगट लिहिलेला असतो. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल आणि रक्तस्राव झाला असेल, तर अँटी-डी इंजेक्शन लागू शकतं, आणि ते शक्यतो ७२ तासांच्या आत द्यावं लागतं.