सही झाल्यावरचा निषेध

मंडळी, जाहीर विषय आहे 'मताधिकार आणि बड्या कंपन्यांची भूमिका', पण सुरुवात मी एका जेवणापासून करणार आहे. हा किस्सा सांगितल्याशिवाय मला पुढे जाताच येत नाही.

साल १९६४. मार्टिन ल्यूथर किंग यांना शांततेचं नोबेल मिळालं. अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातलं अटलांटा हे त्यांचं जन्मगाव. काही धर्मगुरू, एक संपादक आणि एक कॉलेजचे अध्यक्ष यांनी मिळून सत्काराचं भोजन ठरवलं. गोरे-काळे एकाच पंगतीला! म्हणजे तिथल्या हिशेबानं आक्रीतच. आणि झालं काय, तर तिकिटं खपेनात. शहरातले बँकवाले, व्यापारी हळूच अंग काढून घ्यायला लागले. कोणी उघड विरोध केला नाही हं; फक्त त्या दिवशी सगळ्यांना दुसरीकडे जायचं होतं. हसताय तुम्ही, म्हणजे अशी माणसं तुमच्याही ओळखीची आहेत.

तेव्हा कोका-कोलाचे प्रमुख होते पॉल ऑस्टिन. दक्षिण आफ्रिकेत काम करून आलेला हा माणूस. वर्णद्वेषानं एखाद्या देशाचं काय होतं, ते त्यानं जवळून पाहिलं होतं. महापौर आयव्हन ॲलन यांच्यासोबत त्यानं शहरातल्या बड्या मंडळींना बोलावलं. पुढे किंग यांचे सहकारी अँड्र्यू यंग यांनी ही आठवण सांगितली आहे. ऑस्टिनच्या बोलण्याचा मथितार्थ असा : आपल्याच नोबेल विजेत्याचा सत्कार न करणाऱ्या शहरात राहायची आमच्या कंपनीला लाज वाटते. आम्हाला अटलांटा लागत नाही. तुम्हाला आम्ही लागतो का, ते तुम्ही ठरवा. यंग सांगतात, दोन तासांत सगळी तिकिटं संपली. २७ जानेवारी १९६५ ला डिंकलर प्लाझा हॉटेलात सुमारे दीड हजार लोक जेवायला बसले. किंग तेव्हा शेजारच्या अलाबामा राज्यातल्या सेल्मा गावात काळ्यांच्या मताधिकाराची चळवळ चालवत होते. तिथूनच ते आले होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मताधिकार कायदा झाला.

यातली वेळ बघा. पंगत मोडायच्या आत ऑस्टिन बोलला. मला एवढंच सांगायचं आहे. आयोजकांची चिठ्ठी आली, दहाच मिनिटं उरली आहेत, म्हणून आता भराभर.

२५ मार्च २०२१. त्याच जॉर्जियात गव्हर्नर ब्रायन केम्प यांनी निवडणूक कायद्यावर सही केली. टपाली मतासाठी ओळख क्रमांकाची सक्ती आली, मतपत्रिका टाकायच्या पेट्या मोठ्या शहरांत खूपच कमी झाल्या. मतदान केंद्रापासून दीडशे फुटांच्या आत रांगेतल्या माणसाला कोणी पाण्याची बाटली द्यायची नाही. कर्मचाऱ्यांनी पाणी ठेवलं तर ज्यानं त्यानं घ्यायचं. शनिवारचं आगाऊ मतदान वाढलं, हेही खरं. पण २०२० च्या जूनमध्ये तिथले लोक तासन् तास उन्हात उभे होते, तेव्हा ही पाण्याची बाटली किरकोळ समजू नका.

अटलांटातल्याच डेल्टा विमान कंपनीचे प्रमुख एड बॅस्टियन यांनी हा कायदा अस्वीकारार्ह असल्याचं म्हटलं ते ३१ मार्चला! तोवर शाई वाळली होती. कोका-कोलाचा निषेधही त्याच दिवशीचा. आदल्या काही दिवसांत डेल्टाचाच सूर नरम होता. विधेयक आठवडेच्या आठवडे सभागृहात होतं, कंपन्यांची माणसं तिथे ये-जा करत होती. ऑस्टिनसारखं तेव्हा कोणी का बोललं नाही? मग निषेध म्हणून बेसबॉलवाल्यांनी अटलांटात ठरलेला, निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना डेन्व्हरला हलवला. विल स्मिथनं चित्रपटाचं शूटिंग जॉर्जियातून काढलं. त्यात पोटावर पाय आला तो हॉटेलातल्या वेटरच्या, सेटवरच्या सुताराच्या. मताधिकारासाठी लढणाऱ्या जॉर्जियातल्या नेत्या स्टेसी अब्राम्स यांनीही सामना जाऊ नये असंच म्हटलं होतं.

याउलट २०२० मध्ये अटलांटाच्या बास्केटबॉल संघानं आपलं स्टेट फार्म अरीना मतदानासाठी उघडलं. मोठी जागा, वातानुकूलित. मला खेळाडूंकडून आणि मालकांकडून हे हवं आहे : जागा द्या, सुटी द्या. आपल्याकडे मतदानाच्या दिवशी पगारी सुटी कायद्यानं मिळते, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १३५ ब. अमेरिकेत मतदान मंगळवारी, आणि देशभर लागू अशी सुटी नाही. ज्या कंपनीला मताधिकाराची खरी कळकळ आहे, तिनं आधी आपल्या गोदामातल्या माणसाला मंगळवारची पगारी सुटी द्यावी. आणि निषेधाचं पत्रक काढायचंच असेल, तर विधेयक समितीत असताना काढावं.

२०२५ च्या जुलैत ऑल-स्टार सामना पुन्हा अटलांटालाच झाला. चार वर्षांपूर्वीचा तो कायदा तेव्हाही लागू होता. आता प्रश्न विचारा.