जामीन मंजूर झाला, मग पोरगा आत का?

हा प्रश्न मला एका आईने कोर्टाच्या जिन्यावर विचारला होता. तिच्या हातात आदेशाची प्रत होती, त्यावर ‘जामीन अर्ज मंजूर’ असं स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि तारीख तीन आठवड्यांपूर्वीची होती. मुलगा तुरुंगातच. वकिलाची फी दिली, अर्ज मंजूर झाला, म्हणजे तिच्या हिशेबाने सगळं झालं होतं. त्याच आदेशातली पुढची ओळ तिला कुणी वाचून दाखवली नव्हती: २५,००० रुपयांचा जातमुचलका आणि तितक्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार दिल्यावर आरोपीस सोडण्यात यावे. मंडळी, आज मी बोलणार आहे ते मुख्यतः या ओळीबद्दल.

आधी एक गैरसमज दूर करू. ही रक्कम भरायची नसते. २५,००० चा आकडा ऐकला की माणसं दागिने मोडायला निघतात, व्याजाने पैसे काढतात. जातमुचलका म्हणजे आरोपीने लिहून दिलेली हमी: तारखेला हजर राहीन, नाही राहिलो तर एवढी रक्कम सरकारला देणं लागेन. जामीनदार हीच हमी त्याच्या वतीने देतो. आदेशात रोख जामिनाचा उल्लेख असेल तरच पैसे कोर्टात जमा होतात, आणि अटी पाळल्या तर शेवटी ते परत मिळतात. जामीनदार शोधायला वेळ लागणार असेल तर तेवढ्या काळापुरती रोख रक्कम घेऊन सोडावं, असा अर्जही करता येतो. त्या आईसाठी आम्ही तोच केला.

दुसरा गैरसमज ‘अजामीनपात्र’ या शब्दाचा. तो ऐकला की घरात रडारड सुरू होते. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे, तो पोलीस ठाण्यातच मिळू शकतो. अजामीनपात्र गुन्ह्यात तो कोर्टाच्या विवेकावर असतो, एवढाच अर्थ. मिळतच नाही असा अर्थ नाही.

आता जामीनदार. तो कमावता हवा, त्याचा पत्ता कायमचा हवा. ओळखपत्र, रेशनकार्ड, पगाराची स्लिप, सातबारा किंवा घरपट्टीची पावती मागतात. काही ठिकाणी तहसीलदारांचा सॉल्व्हन्सीचा, म्हणजे ऐपतीचा, दाखलाही. मग पडताळणी. दुसऱ्या राज्यातून कामाला आलेला बांधकाम मजूर, भाड्याच्या खोलीत राहणारी घरकामगार बाई, यांनी असा माणूस आणायचा कुठून? त्यातून ‘जामीनदार स्थानिकच पाहिजे’ असा आग्रह झाला, की मंजूर झालेला जामीन कागदावरच राहतो.

हा आग्रह सर्वोच्च न्यायालयाने १९७८ सालीच चुकीचा ठरवला आहे. मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य. मोतीराम गवंडीकाम करणारा गरीब माणूस. सर्वोच्च न्यायालयानेच त्याला जामीन दिला होता, पण खालच्या दंडाधिकाऱ्यांनी १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला. भाऊ उभा राहिला, तर त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून तोही नाकारला. प्रकरण पुन्हा वर गेलं, आणि न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी त्याला १,००० रुपयांच्या जातमुचलक्यावर सोडायला सांगितलं. पुढच्या वर्षी हुसैनारा खातून प्रकरणात बिहारमधले कच्चे कैदी समोर आले. त्यांच्यातले काही तर, गुन्हा सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली असती, त्याहून जास्त दिवस आत होते. या गोष्टीला इतकी वर्षं झाली, आणि तरीही हा विषय मला पुन्हा बोलावा लागतो याचं मला मनापासून वाईट वाटतं.

३१ जानेवारी २०२३ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने याची पक्की व्यवस्था घालून दिली. जामिनाच्या आदेशाची प्रत त्याच किंवा दुसऱ्या दिवशी ईमेलने तुरुंगात पोचली पाहिजे. सात दिवसांत सुटका झाली नाही, तर तुरुंग अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार देता आला नाही, तर अट शिथिल करायची का, याचा विचार कोर्ट स्वतःहून करू शकतं. ही व्यवस्था आपोआप चालेल असं धरून मात्र बसू नका. कुणीतरी अर्ज घेऊन उभं राहावं लागतं.

म्हणून वकील निवडताना माझा आग्रह असतो की प्रकरण ज्या कोर्टात आहे, तिथे रोज उभा राहणारा फौजदारी वकील घ्या. मोठ्या शहरातलं मोठं नाव उच्च न्यायालयात जायची वेळ आली की बघू. रिमांडला, म्हणजे कोठडी ठरवायला कोर्टासमोर, कधी नेणार, तपासी अंमलदाराचा ‘से’, म्हणजे जामीन अर्जावरचं लेखी म्हणणं, आला का, जामीनदाराची कागदपत्रं कुठल्या टेबलावर अडली, सुटकेचे आदेश टाकायची तुरुंगाची पेटी संध्याकाळी उघडण्याआधी आपला आदेश तिथे पोचला का, हे तिथल्याच माणसाला कळतं. त्याला एक प्रश्न नक्की विचारा: ‘जामीन मंजूर झाल्यावर पुढचं काम तुम्ही करणार की आम्ही?’ फीमध्ये काय काय धरलंय ते लिहून घ्या, पावती घ्या, कोऱ्या कागदावर सही करू नका. ‘काम झालं तर इतके’ असा निकालावर ठरणारा सौदा वकिलाला नियमाने करताच येत नाही. आवारात ‘जामीनदार मिळवून देतो’ म्हणणारी माणसं भेटतील. त्यांची कागदपत्रं बनावट निघाली तर जामीन तर जातोच, वर नवा गुन्हा अंगावर येतो.

पैसे नसतील तर १५१०० हा विधी सेवा प्राधिकरणाचा क्रमांक लक्षात ठेवा. कोठडीत असलेल्या कुणालाही, तसंच स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तींना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तोही अगदी पहिल्या रिमांडपासून.

पहिल्या दिवसाबद्दल थोडक्यात. अटक झाल्यापासून, प्रवासाचा वेळ सोडून, २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर नेलंच पाहिजे. अटकेची कारणं सांगायला हवीत, नातेवाइकाला कळवायला हवं. पोलीस कोठडी, म्हणजे आपल्याकडे सगळे म्हणतात ते पीसीआर, चालू असताना जामिनाचा अर्ज सहसा पुढे सरकत नाही. एमसीआर झाला, न्यायालयीन कोठडी मिळाली, की अर्ज टाकतात. त्या एक-दोन दिवसांत घरच्यांनी हातावर हात ठेवून बसू नये. जामीनदार ठरवायचा, त्याचे कागद गोळा करायचे, ते तेव्हाच.

आणखी तीन तरतुदी आहेत, आणि त्यांत तारखा मोजाव्या लागतात. जामीनपात्र गुन्ह्यात आठवडाभरात जामीनदार देता आला नाही, तर तो माणूस निर्धन आहे असं धरून जातमुचलक्यावर सोडता येतं. गुन्ह्याच्या स्वरूपाप्रमाणे ६० किंवा ९० दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर जामीन हक्काने मिळतो. पण दोषारोपपत्र दाखल व्हायच्या आत तो मागावा लागतो, एक दिवसाचा उशीरही महागात पडतो. आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४७९ नुसार, याआधी कुठल्याही गुन्ह्यात दोषी न ठरलेल्या आरोपीने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला सोडायचं आहे, इतरांसाठी ती मर्यादा निम्मी आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना आणि एकाहून अधिक खटले चालू असलेल्यांना हे लागू नाही.

शेवटी जामीनदाराबद्दल. भावकीतला कुणी, कामावरचा मुकादम, शेजारी, जो कोणी उभा राहिला त्याने आपली पत गहाण ठेवलेली असते. आरोपी गैरहजर राहिला तर नोटीस त्यालाही येते, वसुली त्याच्याकडूनही होते. हे त्याला सही करण्याआधी सांगा. आणि सुटून आलेला मुलगा घरी जेवायला बसला, की त्याच्या पुढच्या तारखेची चिठ्ठी जामीनदाराच्या घरी नेऊन द्या.