भरल्या पाण्याची हंपी

श्रोतेहो, नमस्कार.

ठाण्याच्या तलावपाळीवर सकाळी सहाच्या सुमारास कधी आलात, तर कोपिनेश्वराच्या बाजूला कठड्याशी पाच-सहा निवृत्त मंडळी उभी दिसतील. फेऱ्या कमी, गप्पा जास्त. त्यातला एक मी. माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. जलवाहिन्या, झडपा, टाक्या, आणि कुठेतरी काहीतरी फुटल्याचे रात्री-अपरात्री येणारे फोन. त्यामुळे देवळात गेलो तरी माझी नजर आधी पन्हळीकडे जाते. बायको म्हणते, ‘देवाला नमस्कार करा आधी, मग गटार बघा.’

तर आमच्या या कठडा-मंडळानं हंपीला जायचं ठरवलं. कधी जायचं यावर आठवडाभर वाद. एकाचं म्हणणं डिसेंबर, हवा छान असते. मी हट्ट धरला, पाऊस सरता सरता जायचं, नवरात्रात. दोघांच्या घरी घट बसतात, त्यांनी सपशेल नकार दिला. उरलेले आम्ही जोडीनं निघालो. दुसऱ्या माळेच्या रात्री टेंभीनाक्याची रोषणाई मागे टाकून बस घोडबंदरच्या गर्दीत न अडकता सुटली, हेच मला पहिलं देवदर्शन वाटलं.

नवरात्रातच का, ते सांगतो. हंपीच्या भागात पाऊस तसा थोडा, वर्षाला जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर. आपल्याकडे जुलैच्या एखाद्या आठवड्यात तेवढा कोसळून जातो. पण तिथली तुंगभद्रा त्या पावसावर जगत नाही. तुंगा आणि भद्रा दोघींचा उगम चिकमगळूरच्या डोंगरात, गंगामूळला. शिमोग्याजवळ कूडलीला त्या एक होतात आणि पूर्वेकडे निघतात. म्हणजे पाऊस आपल्याच सह्याद्रीचा. माथ्यावरून अलीकडे घसरलेलं पाणी बघता बघता समुद्राला मिळतं, पलीकडे घसरलेलं कोरड्या मुलखात शेकडो मैल चालत जातं. हंपीत डोक्यावर ऊन आणि पायाशी पूर, असं दृश्य दिसतं ते यामुळे. पाऊस सरता सरता वरचं तुंगभद्रा धरण भरत आलेलं असतं आणि दरवाजे कधीही उघडतात. धरण 1953 सालचं, तेहतीस दरवाज्यांचं.

आम्ही पोचलो त्याच्या आदल्या दिवशीच पाणी सोडलेलं होतं. नदीकाठी वेताबांबूच्या गोल टोपल्या, डांबर फासलेल्या, पालथ्या घालून ठेवलेल्या. त्यातून एरवी प्रवासी पलीकडे जातात. नावाडी बाजूला विड्या ओढत बसलेले. ‘आज बंद,’ एवढंच हिंदी त्यांनी ऐकवलं. खाली नदीत पुरंदरदासांचा मंडप उभा आहे. कानडी कीर्तनांचे हे थोर रचनाकार, आपल्या प्रत्येक पदाच्या शेवटी ‘पुरंदर विठ्ठल’ अशी मुद्रा घालणारे. तो मंडप दर पुरात बुडतो. त्या दिवशी पाणी खांबांच्या कमरेपर्यंत उतरलं होतं. वरच्या अंगाला, छताच्या जरा खाली, प्रत्येक खांबावर वाळलेल्या गवताचा आणि चिंध्यांचा एकसारखा पट्टा चिकटलेला. कुणी ओळंबा लावून आखावा तसा. पूररेषा म्हणून आम्ही नकाशावर जी निळी रेघ मारायचो, ती इथे साक्षात दिसत होती. दगडी खांब दरवर्षी ही रेघ अंगावर घेतात आणि उभे राहतात. मी तिथेच अर्धा तास बसलो, मंडळी पुढे निघून गेली.

हंपी म्हणजे जुन्या विजयनगर राज्याची राजधानी. विजयनगरची स्थापना 1336 ची, आणि 1565 च्या तालिकोटच्या लढाईनंतर शहर लुटलं गेलं, हे शाळेत आपण सगळेच शिकलो. पण त्या सव्वादोनशे वर्षांत लाखांच्या शहराला पाणी कुठून मिळालं, हे कुणी शिकवलं नाही. राजांनी तुंगभद्रेवर दगडी बंधारे घातले आणि पाट काढले. त्यातला तुर्तु नावाचा कालवा भग्न मंडपांच्या मधून आजही वाहतो. त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या बागा. नवरात्रात ही पानं अशी तकतकीत असतात, की त्यांच्यामागचा खडकांचा डोंगर खोटा वाटतो. या कालव्याचंच पाणी बडवीलिंगाच्या गाभाऱ्यात फिरवलेलं आहे. एकाच दगडातलं तीन मीटर उंचीचं शिवलिंग, पायाशी कायम पाणी. शेजारीच लक्ष्मीनरसिंह, तोही एकाच दगडाचा, सुमारे पावणेसात मीटर उंच, कृष्णदेवरायानं 1528 मध्ये प्रतिष्ठापना केलेला. फोटो सगळे नरसिंहाचे काढतात. मी लिंगाच्या पाण्यात पान सोडून प्रवाह आहे का ते पाहिलं. आहे, पण अगदी संथ.

राजवाड्याच्या आवारातली पायऱ्यांची पुष्करणी तर मला घरी आणावीशी वाटली. ती कैक शतकं मातीखाली होती, 1980 च्या दशकात उत्खननात वर आली. काळ्या दगडाची, पाच टप्प्यांची, चारी बाजू इतक्या काटेकोर की पायऱ्यांच्या सावल्यांचीच नक्षी होते. वाकून जवळून बघा: दगडांवर बारीक अक्षरं आणि खुणा कोरलेल्या आहेत. कुठल्या दिशेचा, कितव्या टप्प्याचा, कितवा दगड. म्हणजे दगड दुसरीकडे घडवले, त्यांवर खुणा टाकल्या आणि इथे आणून जोडले. आमच्याकडे पाइपांवर असे नंबर असायचे, तरी मुकादम उलटा पाइप बसवायचा, ते सोडा. पुष्करणीपर्यंत पाणी आणणारी दगडी पन्हळ खांबांवर पेललेली अजून उभी आहे.

सगळंच मात्र सुरळीत झालं नव्हतं. डोमिंगो पाइश नावाचा पोर्तुगीज 1520 च्या सुमाराला इथे आला होता. कृष्णदेवराय एक मोठा तलाव बांधत होता, त्यावर पंधरा-वीस हजार माणसं मुंग्यांसारखी राबत होती, असं त्यानं लिहिलंय. बांध दोन-तीनदा फुटला, तेव्हा देवाला बळी हवाय असा कौल निघाला आणि कैद्यांची मुंडकी उडवली गेली. आमच्या काळी बांधकाम फुटलं की फक्त चौकशी समिती बसायची. कृष्णदेवरायाच्या वैभवाची गाणी गाताना हाही मजकूर वाचावा, असं मला वाटतं.

याच पाइशनं इथली महानवमी पाहिली. त्यासाठी उभारलेला उंच दगडी चौथरा, महानवमी दिब्बा, अजून शाबूत आहे. नऊ दिवस नाच, कुस्त्या, हत्ती-घोड्यांच्या मिरवणुका, आणि शेवटी शहराबाहेर सगळ्या फौजेची पाहणी. चौथऱ्याच्या कडेनं हत्ती, घोडे, उंट, नाचणाऱ्या बायका, शिकारी असे सगळे एकामागून एक कोरलेले. पावसाळ्यात वाटा चिखलाच्या, नद्या फुगलेल्या, तोफा-बैल हलत नाहीत. वाटा सुकल्या की राज्याचं वर्ष सुरू. आपलं सीमोल्लंघन दुसरं काय होतं? म्हैसूरचा दसरा याच महानवमीच्या परंपरेतला, वोडेयारांनी 1610 मध्ये श्रीरंगपट्टणला सुरू केलेला. दिब्ब्यावर आम्ही होतो त्या दिवशी चौथी माळ. वर चढून पाहिलं तर चारी बाजूंना हिरवं गवत, त्यात पायाच्या दगडी रेषा. मार्चमध्ये गेलेल्यांच्या फोटोत हीच जमीन तपकिरी दिसते.

जवळच एक जागा आहे, तिला भोजनशाळा म्हणतात. जमिनीत पाण्याची दगडी पन्हळ आणि तिच्या दोन्ही कडांना ओळीनं दगडात कोरलेली ताटं. ताटात भाताची खोलगट जागा, बाजूला वाट्यांचे गोल खळगे, सगळं पद्धतशीर. पंगत उठल्यावर ताटं पन्हळीच्या पाण्यानंच धुवायची असणार. सकाळी सर पडून गेली होती. प्रत्येक वाटीत चमचाभर पाणी साचलेलं. एक धोबी पक्षी शेपटी वरखाली करत या ताटावरून त्या ताटावर जात होता आणि बरोबर आमटीच्या वाटीतून पाणी पीत होता. आमच्यातल्या एका वहिनी म्हणाल्या, ‘पंगतीत उठून फिरू नये रे.’

विरूपाक्षाच्या देवळाबद्दल एकच सांगतो, कारण बाकीचं सगळेच सांगतात. मागच्या बाजूला एका अंधाऱ्या खोलीत, भिंतीतल्या छोट्या झरोक्यातून पूर्वेच्या गोपुराची सावली समोरच्या भिंतीवर उलटी पडते. शिखर खाली, पाया वर. नऊ मजली, साधारण पन्नास मीटरचं गोपुर हातभर भिंतीवर. पण पाऊस सरतानाचं आभाळ ते, ढग आला की गोपुर पुसलं जायचं. अंधारात आम्ही दहा-बाराजण गप्प उभे. ढग सरकला की भिंतीवर पुन्हा हळूहळू उमटायचं. एका लहान मुलीनं तीनदा टाळ्या वाजवल्या. भर उन्हाळ्यात ही गंमत नाही, सावली आपली सकाळभर तशीच पडलेली असते.

जाणार असाल तर होस्पेटला उतरा, तिथून हंपी तेरा-चौदा किलोमीटर. छत्रीपेक्षा टोपी न्या. चप्पल पकड असलेली हवी, शेवाळलेल्या ग्रॅनाइटवर माझे एक मित्र सपशेल बसले आणि उरलेला प्रवास कंबर धरून केला. सकाळी साडेसहाला बाहेर पडा, दुपारी दगड तापतात तेव्हा सरळ झोपा.

शेवटच्या दिवशी विजय विठ्ठलाच्या देवळात गेलो. पन्नासच्या नोटेवरचा दगडी रथ तो इथलाच, खरं तर ते गरुडाचं देऊळ. आपल्याकडे परंपरा अशी, की कृष्णदेवरायानं पंढरीचा विठ्ठल इथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला. इतिहास काय म्हणतो तो म्हणो, इथला गाभारा रिकामा आहे. आमच्या त्याच वहिनी, दरवर्षी वारीला जाणाऱ्या, मंडपाच्या पायऱ्यांशी थांबल्या. पुढे जायला दोरी लावलेली. त्यांनी दोरीच्या अलीकडे डोकं टेकलं. पहारेकरी जवळ येऊन म्हणाला, ‘अम्मा, अंदर कुछ नहीं है.’

वहिनी मराठीतच म्हणाल्या, ‘माहितीये बाबा. तो आमच्याकडे आहे.’

त्याला काही कळलं नाही. त्यानं हात करून रथ दाखवला, फोटो तिकडून चांगला येतो म्हणून.

नमस्कार.